शिकवलं, लग्न करून दिलं, मग आता जमिनीवर सही का मागतात?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. मागे आई, एक भाऊ आणि दोन बहिणी. सांगली जिल्ह्यात साडेपाच एकर बागायत आहे. त्यातली चार एकर वडिलोपार्जित, दीड एकर वडिलांनी स्वतः विकत घेतलेली. शिवाय गावातलं घर. विचारणाऱ्या ताई थोरल्या, पुण्यात नोकरी करतात. दिवसकार्य उरकून महिना झाला नाही तोच भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आई म्हणते, "सही करून टाक, माहेर शाबूत राहील." धाकटी बहीण सही करायला तयार आहे. ताईंचं म्हणणं असं, की आमच्या घरात मुलगा-मुलगी भेद कधीच नव्हता, वडिलांनी आम्हा दोघींना हट्टाने शिकवलं. मग जमिनीची वेळ आल्यावर सगळे असे का बदलले?

ताई, तुमच्या घरात कुणी बदललेलं नाही. आज कागदावर आलेला निर्णय पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच झाला होता, फक्त तो कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मी आधी दिवाणी वकिली केली, पुढे वाटणीच्या वादांत मध्यस्थी करू लागले, आणि सांगली, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यातल्या घरांत हेच पुन्हा पुन्हा पाहत आले. मुलीला शिकवायचं आणि मुलाला जमीन द्यायची, या दोन्ही गोष्टी एकाच बापाने सारख्याच मायेने केलेल्या असतात. लेक स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हे त्याचं एक मूल्य. रान घराण्याच्या नावावर राहिलं पाहिजे, हे दुसरं. मुलं लहान असतात तोवर या दोघांची गाठ पडत नाही. बाप गेल्यावर ती पहिल्यांदा पडते, आणि घरात वरचढ कोण ते तेव्हा कळतं.

म्हणून "भेद नव्हता" हे तुमचं वाक्यही खरं आणि भावाने पाठवलेला मसुदाही त्याच घरातला. गावाकडच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं: "तिला शिकवलं, लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." हे फक्त तोंडचं बोलणं नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकाने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, त्याचा परिणाम काय झाला यावर अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास केले. मुलींना जमीन मिळण्याचं प्रमाण वाढलं खरं, पण ते मुलांच्या बरोबरीला आलं नाही. त्याच काळात मुलींच्या शिक्षणात मात्र भर पडली. देशाच्या इतर भागांच्या अभ्यासांत असंही दिसलं, की काही आईबापांनी हयातीतच जमीन मुलांच्या नावावर करून टाकली आणि मुलींची भरपाई शिक्षणातून किंवा हुंड्यातून केली. कायदा घरात शिरला तेव्हा घराने आपलं मूल्य सोडलं नाही, त्याला दुसरी वाट काढून दिली. तुमची पदवी हे त्याच हिशोबातलं एक कलम असू शकतं. हे ऐकायला कडू लागेल, पण यामुळे वडिलांचं प्रेम खोटं ठरत नाही.

घराची खरी मूल्यं कोणती, हे घर काय बोलतं यावरून मी कधीच ठरवत नाही. पैसा कमी पडला तेव्हा काय थांबवलं आणि काय चालू ठेवलं, हे विचारते. दीड एकर विकत घेतली तेव्हा खरेदीखतावर कुणाचं नाव घातलं? आईचं घालायचा विषय तरी निघाला का? विहिरीसाठी दागिने मोडले तेव्हा कुणाचे मोडले? भावाच्या नावाने साखर कारखान्याचं सभासदत्व घेतलं तेव्हा तुम्ही दोघी कॉलेजात होतात की लग्न होऊन गेल्या होतात? तुमच्या लग्नाचा खर्च घरात वर्षानुवर्षं आकड्यासकट बोलला गेला, भावाच्या लग्नाचा आकडा कुणाला आठवतो का? ज्या घरात मुलीच्या लग्नाला "खर्च" म्हणतात आणि मुलाच्या लग्नाला "कार्य" म्हणतात, तिथे वाटणीचं अर्धं काम तेव्हाच झालेलं असतं. या प्रश्नांची उत्तरं एकदा कागदावर लिहून काढा. भांडायला नव्हे, स्वतःला कळायला. रागाचा बराच भाग "आत्ताच हे कुठून आलं" या धक्क्याचा असतो, आणि तो यातून ओसरतो.

आता भावाकडे वळते, कारण त्याला लबाड ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. आधी त्याचं गणित बघा. शेतीगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारण क्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. साडेपाच एकर म्हणजे साधारण सव्वादोन हेक्टर. त्याच्या डोळ्यांसमोर चार तुकडे, चार बांध आणि पाण्याची एकच पाळी आहे. सातबाऱ्यावर तीन-चार नावं असली की विकास सोसायटीचं पीककर्ज काढताना, ठिबकच्या अनुदानाला, विजेच्या जोडणीला सगळ्यांच्या संमतीसाठी हेलपाटे घालावे लागतात, आणि ही अडचण खरी आहे. गावात त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांच्या बहिणींनी सह्या दिलेल्या असतात. त्याच्या बहिणीने दिली नाही तर पारावर त्याची गोष्ट होणार, याचीही त्याला धास्ती असते. एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही, पण अशा घरांत मला ती वारंवार सापडते: भावाला पुढे शिकायचं होतं का? तुम्हा दोघींना बाहेर पाठवलं तेव्हा रानात हात कमी पडले आणि तो गावात थांबला, असं झालं असेल तर त्याच्या मनात जमीन ही त्या थांबण्याची किंमत आहे. तो हे बोलून दाखवणार नाही. मोठ्या घरचा मुलगा "मलाही जायचं होतं" असं म्हणत नाही, त्याला तसं म्हणायला शिकवलेलंच नसतं. पण समोरासमोर बसाल तेव्हा हे एकदा विचारा.

या चित्रात आणखी एक माणूस आहे, आणि तुमच्या सबंध प्रश्नात तिचा उल्लेख नाही: तुमची वहिनी. "आईबापाला भावाने सांभाळलं" असं आपण म्हणतो तेव्हा शेवटच्या आजारपणात अंथरूण कुणी बदललं, रात्री औषध कुणी दिलं, आईच्या गुडघ्याला तेल कोण चोळतं? बहुतेक घरांत सून. ती तुमच्या वडिलांची वारस नाही. सासऱ्यांच्या मिळकतीत तिच्या नावाने काही येत नाही, आणि तिच्या माहेरी तिनेही बहुधा भावाला सही देऊन टाकलेली आहे. म्हणजे सांभाळण्याचे कष्ट तिचे, आणि त्यांचं फळ हक्कसोडीच्या रूपाने नवऱ्याच्या नावावर. बहिणीचा वाटा कमी करून या कष्टांची भरपाई होते, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. सांभाळण्याची किंमत जरूर धरावी, पण जिने सांभाळलं तिचं नाव घेऊन धरावी. वाटणीच्या बोलण्यात "वहिनीने बाबांचं केलं, त्यासाठी हे तिच्या नावाने" असं तुम्ही स्वतःहून म्हणालात, तर घराचं वातावरण किती झपाट्याने बदलतं ते मी पाहिलेलं आहे. त्या क्षणापर्यंत ती तुमच्याविरुद्ध उभी असते, कारण तिच्या दृष्टीने तुम्ही वर्षातून दोनदा येऊन हक्क सांगणारी नणंद असता.

आई तुम्हाला सही कर म्हणते, त्याने तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं असणार. पण ती कुठे उभी राहून हे बोलते ते बघा. उद्यापासून तिला त्याच घरात, त्याच सुनेच्या हातचं खायचं आहे. मुलीच्या घरी जाऊन राहणं तिच्या पिढीला अजूनही कमीपणाचं वाटतं. काही घरांत तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. तिने स्वतः तिच्या भावाला हसत सही दिली असेल आणि त्या बदल्यात आयुष्यभर माहेरपण मिळवलं असेल. तिच्या अनुभवात हा व्यवहार नीट चाललेला आहे, म्हणून ती तो तुम्हाला सुचवते. यात मुलीवर अन्याय करायचा हेतू शोधू नका. तिला म्हातारपणाची भीती आहे आणि त्या भीतीवर तिला ठाऊक असलेला एकच उपाय आहे. यावरून एक गोष्ट ठरते: आईची भीती कमी झाल्याशिवाय आईचं मत बदलणार नाही. तिचा स्वतःचा वाटा तिच्या नावावर राहणं हा ती कमी करायचा पहिला मार्ग. पण भावाने पाठवलेल्या मसुद्यात आईचंही नाव सोडणाऱ्यांच्या यादीत आहे का, ते आधी तपासा. पुष्कळदा असतं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि आता तुम्ही स्वतः. माहेर या गोष्टीचं वजन मी कमी लेखत नाही. पंचमीला मुराळी येणं, पहिलं बाळंतपण, गौरीला माहेरवाशीण म्हणून जेवणं, भाऊबीज, मुलीच्या लग्नात मामाचा मान. जात्यावरच्या ओव्यांत बाईने भावाची वाट पाहिली ती उगाच नाही. सासरी काही बिनसलं तर परतायला एक दार आहे, हाच तिच्यासाठी खरा विमा होता. जिच्या नावावर काहीच नाही तिला हा विमा जपावाच लागे, आणि त्याचा हप्ता म्हणजे जमिनीवरचा हक्क. भाऊ गोड राहावा म्हणून जमीन सोडायची, हा भाबडेपणा नव्हता. त्या परिस्थितीत ते शहाणपण होतं. तुमच्याकडे नोकरी आहे, पुण्यात राहायला घर आहे. तुम्हाला हा विमा त्याच कारणासाठी हवा आहे का, हे स्वतःला विचारा. तुमच्या धाकट्या बहिणीची परिस्थिती वेगळी असू शकते. तिच्या सासरी तिचं फारसं चालत नसेल, तर भावाचा आधार तिला आजही खरोखर लागतो. ती सही करायला तयार आहे ती दुबळी म्हणून नव्हे, तिचा हिशोब वेगळा आहे म्हणून. तिच्यावर "आपण दोघींनी एकत्र राहायचं" असा दबाव आणू नका. दबावाने केलेली सही जशी वाईट, तसा दबावाने दिलेला नकारही वाईट.

पुढचा प्रश्न मी प्रत्येक बहिणीला विचारते, तुम्हालाही विचारते. तुमच्या नणंदांनी काय केलं? तुमच्या सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या असतील, तर तेव्हा तुम्ही काय म्हणालात? एकाच बाईने माहेरी हिस्सा मागावा आणि सासरी नणंदेकडून सही घ्यावी, असं सर्रास घडतं. यात दुटप्पीपणा शोधण्यापेक्षा एवढं समजून घ्या की दृष्टिकोन माणसाला चिकटलेले नसतात, ते त्याच्या जागेला चिकटलेले असतात. बहीण म्हणून एक, वहिनी म्हणून दुसरा. तुमच्या भावाच्या जागी बसल्यावर तोही तसंच वागतो. नणंदांचा हिशोब अजून उघडा असेल, तर माहेरी बोलायच्या आधी सासरी तो पुरा करा. भावाने समोर बसून "तुमच्या सासरी काय झालं ताई?" असं विचारलं आणि उत्तर नसलं, तर तिथे तुमचं बोलणं संपतं.

कायदा मी मुद्दाम इतका उशिरा आणते, कारण कायद्यापासून सुरुवात केली की घर ऐकणं बंद करतं. पण तो नीट माहीत हवा. वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. हे आजही निम्म्या घरांना माहीत नसतं. सगळं 2005 नंतर आलं असं समजतात. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलींच्या हक्कासाठी मोठी लढाई दिली, बिल अडवलं गेलं आणि 1951 च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1956 चा कायदा आला तेव्हा वडिलोपार्जित मिळकतीतलं जन्मसिद्ध सहदायाद असणं, म्हणजे जन्मानेच तिच्यात वाटेकरी असणं, मुलग्यांपुरतंच ठेवलं गेलं. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना त्यात घेतलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ते बंधन गेलं. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी मिटवला: नसले तरी चालतं, मुलीचा हक्क जन्माने आहे. मुख्य अपवाद असा, की 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदवलेली किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी उलटत नाही. तुमच्या घरात तशी वाटणी झाली होती का, ते जुन्या फेरफारांवरून, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतल्या बदलांच्या नोंदींवरून, बघा.

तसं काही नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर तुमच्या घरात हिशोब सरळ बसतो. वडिलोपार्जित चार एकर असो की स्वकष्टाची दीड एकर, आई, भाऊ आणि तुम्ही दोघी यांचा प्रत्येकी चौथा हिस्सा. राहत्या घरातही तसाच. मुलीला घराची वाटणी मागता येत नाही, ही जुनी अटही 2005 मध्ये गेली.

कायदा इतका स्पष्ट असूनही सह्या थांबत नाहीत. गोव्यात तर आईबापांना मुलांचा अर्ध्या मिळकतीवरचा हक्क मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, मुलगा-मुलगी समान. तिथेही हक्क सोडल्याचे दस्त होतात. लोकांचं मन वळलं ते बहुतेक वेळा मान कुठे मिळतो हे बदलल्यावर. 1990 च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची आणि त्याचा गावाने चारचौघांत गौरव करायचा. कायद्याची सक्ती नसताना माणसांनी जमिनी लिहून दिल्या, कारण ते करणं पुरुषाला शोभणारं ठरलं. काही घरांत लेकीला चोळीबांगडी म्हणून जमिनीचा तुकडा लिहून देण्याची जुनी रीत होती, तिथेही देणाऱ्याचा मान वाढत असे. तुमच्या भावाला जो मार्ग सुचवाल तो त्याला गावात मान खाली घालायला लावणारा नसावा, असं मी म्हणते ते यामुळे. बहिणींना वाटा देणारा भाऊ म्हणून त्याचं नाव व्हावं, कोर्टाच्या नोटिशीमुळे देणारा म्हणून नव्हे.

जमीन नावावर असण्याने बाईच्या आयुष्यात नेमका काय फरक पडतो, हा प्रश्न तुमच्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित बायकांकडे जमीनही नव्हती आणि घरही नव्हतं, त्यांतल्या 49 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. फक्त जमीन असणाऱ्यांत हे प्रमाण 18 टक्के, फक्त घर असणाऱ्यांत 10, आणि दोन्ही असणाऱ्यांत 7. केरळ आणि सांगली एक नाही, हे मला कळतं. पण माहेर हा विमा आहे असं म्हणताना, स्वतःच्या नावावरची मालमत्ता हाही विमाच आहे आणि त्याला भावाच्या मर्जीचा हप्ता लागत नाही, हे धाकटीला एकदा नीट सांगा. मग तिचा निर्णय तिचा.

आता करायचं काय. तीन वेगळ्या गोष्टी एकाच सहीत बांधल्या गेल्या आहेत, त्या आधी सोडवा: वारसनोंद, आईची व्यवस्था आणि वाटणी. वारसनोंद म्हणजे वडिलांच्या जागी चौघांची नावं सातबाऱ्यावर लागणं. ती लगेच करा, त्यात कुणाचं नुकसान नाही. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र. फेरफाराची नोटीस तुमच्या पुण्याच्या पत्त्यावर येते आहे ना, हे बघा. गावच्या पत्त्यावर आलेली नोटीस तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. वारसनोंदीच्या कागदांत मिसळून हक्कसोडीवर सही घेतल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत, म्हणून प्रत्येक कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर नोंदवावं लागतं. साध्या कागदावरच्या जबाबाने तुमचा हक्क जात नाही, पण एकदा दस्त नोंदला की तो फिरवायला फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि ते फार अवघड असतं.

आईची व्यवस्था दुसरी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांना सांभाळण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. त्याच्याही आधी, 1987 साली, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही आईबापांच्या पोटगीची जबाबदारी असल्याचं सांगितलं होतं. तुम्ही हिस्सा मागणार असाल, तर आईची जबाबदारीही चौथ्या हिश्श्याने नव्हे, पुरती उचलायची तयारी दाखवा. दवाखान्याचा खर्च कोण करणार, ती वर्षातले किती महिने पुण्यात राहू शकते, वहिनीला माहेरी जायचं असेल तेव्हा आईजवळ कोण, हे तारखांसकट बोला. "आईचं आम्ही बघू" हे शब्द भावाने पुष्कळ वेळा ऐकलेले असतात आणि त्यातून काही झालेलं नसतं. महिन्याला ठरावीक रक्कम आईच्या स्वतःच्या बँक खात्यात आजपासून जमा करा, वाटणीचा निकाल काही लागो. हिश्शाच्या अटीवर आईला पैसे देणाऱ्या मुलीचं घरात कुणी ऐकत नाही, आणि ऐकू नये.

तिसरी गोष्ट वाटणी, आणि तिच्यात सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. भावाला रान एकसंध हवं असेल, तर तुमच्या हिश्श्याची रक्कम तो हप्त्याने देऊ शकतो. दीड एकरातला काही भाग तुम्ही घ्या आणि वडिलोपार्जित सोडा, असंही घरं करतात. जमीन सोडून गावच्या घरात एक खोली कायमची नावावर ठेवणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. माहेरी पाहुणी म्हणून नको, हक्काने उतरायचं आहे, एवढंच त्यांना हवं होतं. सोडायचंच ठरवलंत, तर कुणाच्या लाभात सोडता हे दस्तात स्पष्ट लिहा. भावाऐवजी आईच्या लाभात सोडलंत, तर आईचा हिस्सा वाढतो, घरातलं तिचं वजन वाढतं. पुढे तिचं मृत्युपत्र नसेल तर तिच्या मिळकतीत तुम्ही तिन्ही भावंडं पुन्हा सारखे वारस असता. आईला ही गोष्ट समजावून सांगा. तिची भीती कमी करणारा यापेक्षा सोपा कागद मला माहीत नाही.

बैठक घ्याल तेव्हा पहिल्या खेपेला जावयांना बोलावू नका. हे मी कळकळीने सांगते. जावई चांगले असतील, तरी ते खोलीत आले की भावाला बहीण दिसत नाही, दुसरं घर दिसतं. फक्त चौघं आणि वहिनी. बोलणं जमिनीपासून सुरू करू नका. बाबांनी कुणासाठी काय केलं, कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय राहून गेलं, यापासून करा. तुमच्या शिक्षणाची गोष्ट तुम्हीच काढा. "मला शिकवलं, त्याची मला जाणीव आहे, आणि तू इथे थांबलास त्याचीही" असं म्हणून मग म्हणा, "पण शिकवणं हे बाबांचं माझ्यावरचं प्रेम होतं, माझ्या हिश्शाची किंमत नव्हती." हे वाक्य तुम्हाला तुमच्या शब्दांत म्हणता आलं, तर निम्मं काम झालं.

माहेर तुटेल का, याचं खरं उत्तर देते. काही घरांत तुटतं. वर्ष-दोन वर्षं भाऊबीज होत नाही, लग्नाची पत्रिका पोस्टाने येते. पण पुष्कळ घरांत मी पाहिलं, की अबोला हिस्सा मागितल्यामुळे आला नव्हता, तो मागण्याच्या पद्धतीमुळे आला होता: थेट वकिलाची नोटीस, गावच्या पुढाऱ्याकडून निरोप, किंवा दहाव्याला पाहुण्यांसमोर काढलेला विषय. सही देऊनही माहेर आटलेली उदाहरणं आहेत, विशेषतः आई गेल्यावर. नकार दिलेल्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात मामा अक्षता घेऊन उभा राहिलेलाही मी पाहिला आहे. सही हे माहेर टिकण्याचं तारण नाही. म्हणून सही करायची असेल तर भीतीपोटी करू नका. भावाची परिस्थिती खरोखर ओढग्रस्तीची आहे, तुमचं चांगलं चाललं आहे आणि तुम्हाला मनापासून द्यावंसं वाटतं, तर जरूर द्या. तो तुमचा अधिकार आहे आणि तसं देणं सुंदर असतं. फरक एवढाच, की देणाऱ्याच्या हातात आधी काहीतरी असायला हवं. म्हणून नाव आधी सातबाऱ्यावर लागू दे.

भावाला आज एवढंच कळवा: "मसुदा मिळाला. आधी वारसनोंद करू या, त्यासाठी लागतील ते कागद मी आठवड्यात पाठवते. वाटणीचं वर्षश्राद्धानंतर आपण चौघं आणि वहिनी बसून ठरवू. तोवर रान तूच कर, उत्पन्नाचा हिशोब मी मागत नाही." यंदाच्या हंगामासाठी सोसायटीचं कर्ज काढायचं म्हणून त्याला घाई असेल, तर सोसायटीच्या सचिवांकडे कर्जापुरतं संमतीपत्र कसं लागतं ते विचारून, वारसनोंद झाल्यावर ते लिहून द्या. पीककर्जासाठी हक्क सोडायची गरज नसते.